बंद पडलेल्या इराण्याकडचे कॅरमल कस्टर्ड: शोधाचा क्रम

मुंबईत धोबीतलावचे बस्तानी बंद झाले, जहांगीर कलादालनातले समोवार २०१५ साली गेले. अशा प्रत्येक हॉटेलाबरोबर कुणाचा तरी आवडता पदार्थही जातो. आपल्या मनात एखाद्या बंद झालेल्या इराण्याकडचे कॅरमल कस्टर्ड असेल, तर पुढील क्रमाने शोध घ्यावा. इतर गोड पदार्थांनाही हा क्रम थोड्या फरकाने चालतो.

१. हॉटेल खरोखर बंद झाले आहे याची आधी खात्री करावी. ग्रँट रोडचे बी. मेरवान बंद होणार अशा बातम्या २०१४ साली आल्या, मावा केकसाठी रांगा लागल्या आणि दुकान त्यानंतरही चालू राहिले. कधी जागा बदलते, कधी हॉटेल बंद होते पण मागची बेकरी चालू असते. एक चक्कर मारावी, शेजारच्या पानवाल्याला विचारावे.

२. कुणाशीही बोलण्यापूर्वी आपली आठवण लिहून काढावी. दुसऱ्याचे वर्णन ऐकले की आपली चव त्यात मिसळते आणि मग वेगळी करता येत नाही. कस्टर्ड वाटीतून उलटे काढलेले होते की चौकोनी वडी होती? वडी असेल तर ते मोठ्या ट्रेमध्ये भाजले जात होते. कापल्यावर आत बारीक छिद्रे दिसत होती का? छिद्रे म्हणजे आच जास्त. वरचा पाक नुसता गोड होता की शेवटी किंचित कडवट लागत होता? वास व्हॅनिलाचा होता की जायफळ-वेलचीचा? जायफळ-वेलची आठवत असेल तर ते पारशी लग्नातल्या ‘लगननु कस्टर्ड’च्या जवळचे असावे, त्यात दूध आटवलेले असते. अंड्याचा वास अजिबात नसेल आणि रंग गडद पिवळा असेल, तर कस्टर्ड पावडर किंवा चायना ग्रासचा संशय घ्यावा.

३. पदार्थ तिथेच बनत होता का, हे विचारावे. छोटी हॉटेले गोड पदार्थ अनेकदा बाहेरून घेतात, कधी बेकरीतून, कधी घरगुती ऑर्डरवर. तसे असेल तर आपला शोध हॉटेलचा उरत नाही, त्या बेकरीचा होतो, आणि ती कदाचित अजून चालू असेल.

४. आता माणसे शोधावीत. मालकाचे कुटुंब सर्वांना आधी सुचते, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला मापे ठाऊक असतीलच असे नाही. कारागीर अधिक उपयोगाचा, आणि तो बहुधा दुसऱ्या हॉटेलात लागलेला असतो. जवळच्या चालू इराण्याकडे दुपारी तीनच्या सुमारास, गर्दी नसताना जावे, चहा घ्यावा आणि मग विचारावे. सकाळच्या ब्रून-मस्क्याच्या वेळी कुणालाही सवड नसते. वेटर, दूधवाला, अंडीवाला यांनाही गाठावे. पारशी-इराणी समाज लहान आहे, ओळखीतून ओळख लवकर निघते. १८३२ पासून चालत आलेल्या ‘जाम-ए-जमशेद’ या पारशी पत्रात छोटी जाहिरात देण्याचा मार्गही आहे. कुटुंबाशी बोलताना मात्र आपला हेतू आधीच स्पष्ट करावा: घरी करून खाण्यासाठी हवे आहे, विकण्यासाठी नाही. कुणी नकार दिला तर आग्रह धरू नये. उद्या त्यांच्याच मुलांना तो व्यवसाय पुन्हा सुरू करायचा असू शकतो.

५. पाककृती विचारू नये, खरेदी विचारावी. हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. ‘रेसिपी सांगा’ म्हटले की समोरचा माणूस एकतर सावध होतो, नाहीतर ‘दूध, अंडी, साखर, बस्स’ असे उत्तर देतो. दोन्ही प्रामाणिक असतात आणि दोन्हींचा उपयोग नसतो. त्याऐवजी विचारावे: कस्टर्डसाठी रोज दूध किती यायचे? अंडी किती फोडायचा? एका घाण्यात किती वाट्या निघायच्या? भट्टीत कधी ठेवायचा, पाव निघण्याआधी की नंतर? कारागिराला हे आकडे पाठ असतात. समजा, ५ लिटर दुधाला ४० अंडी असे उत्तर आले, म्हणजे अर्ध्या लिटरला ४. इथे लगेच पुढचा प्रश्न करावा: ५ लिटर आटवण्याआधी की नंतर? दूध आटून ४ लिटर होत असेल, तर अर्ध्या लिटरला अंडी ५ पडतात आणि कस्टर्ड चांगलेच घट्ट होते. दूध म्हशीचे होते का, हेही विचारावे. भट्टी विझवल्यावरच्या उरलेल्या उष्णतेत ते भाजत असतील, तर ती मंद आच हेच अर्धे रहस्य.

६. पुस्तकांचा आधार सांगाड्यापुरता घ्यावा. ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’चे पाककृतींचे पुस्तक आणि भिकू माणेकशॉ यांचे पारशी खाद्यसंस्कृतीवरील पुस्तक पाहावे. जुन्या वहीत शेर-तोळे आढळले तर जपून: ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, पण मुंबईचा जुना शेर त्याहून बराच लहान होता.

७. मग प्रयोग. माहिती अपुरी असेल तर या मापाने सुरुवात करावी: ६ टक्के स्निग्धांशाचे अर्धा लिटर दूध, ४ अंडी, ७५ ग्रॅम साखर, आणि पाकासाठी आणखी ७५ ग्रॅम. पाकाची साखर दोन चमचे पाण्यात वितळवून तांबूस होऊ द्यावी आणि लगेच साच्यात ओतावी. दूध कोमट करून फेटलेल्या अंड्यांत घालावे, गाळावे. साचे निम्म्या उंचीपर्यंत गरम पाण्यात बुडतील अशा खोलगट ताटात ठेवून १६० अंश सेल्सिअसवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. मध्यभाग थरथरत असतानाच बाहेर काढावे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. पाक सुटायला तेवढा वेळ लागतो. अंड्याचे मिश्रण ८० अंशांच्या थोडे पुढे आळते, त्याहून फार तापले की फाटते आणि छिद्रे पडतात. आपल्या आठवणीत छिद्रे असतील तर मात्र आच वाढवावी. स्वयंपाकशास्त्र त्याला दोष म्हणेल, म्हणू द्यावे.

दर वेळी एकच गोष्ट बदलावी: आधी दूध, मग अंडी, मग आच, शेवटी वास आणि साखर. बदल तारखेसह वहीत लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

८. निर्णय एकट्याने घेऊ नये. त्या हॉटेलात खाल्लेल्या दुसऱ्या कुणाला दोन वेगवेगळ्या घाण्यांच्या वाट्या, कोणती कुठली ते न सांगता द्याव्यात आणि ‘कोणती जवळची?’ एवढेच विचारावे. ‘तसेच झाले का?’ असे विचारले तर लोक भिडेखातर हो म्हणतात.

जमलेली कृती ग्रॅममध्ये लिहावी आणि ज्याने आकडे सांगितले त्याचे नाव, त्याची परवानगी घेऊन, वर घालावे. या हॉटेलांतले जुने कारागीर आता वयाने थकलेले आहेत. पुस्तके आणि प्रयोग थांबू शकतात, चौथ्या टप्प्यातली चौकशी मात्र आपण याच आठवड्यात सुरू करावी.