भंगाराच्या गाडीवरचा वादक

अमेरिकेच्या दक्षिण भागात, मिसिसिपी नदीच्या काठी, न्यू ऑर्लिअन्स नावाचे जुने बंदर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील दरिद्री वस्तीतून एक भंगाराची गाडी फिरत असे. तीवर एक लहानसा कृष्णवर्णीय मुलगा पत्र्याची पिपाणी फुंकीत बसलेला असावयाचा. पिपाणीचा सूर कानी पडताच पोरे रिकाम्या बाटल्या आणि चिंध्या घेऊन धावत येत. हा मुलगा म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेला लुई आर्मस्ट्राँग.

लुईचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ रोजी झाला. बाप घर सोडून गेलेला. आई परक्यांच्या घरी कामे करून मुलांना वाढवी. गाडी कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाची होती. तेही परदेशातून आलेले, गरीबच. पण लुईला ते आपल्या पंक्तीस जेवू घालीत. एकदा गहाणवटीच्या दुकानात लुईला एक जुने कॉर्नेट दिसले. किंमत पाच डॉलर! कार्नोफ्स्कींनी त्याला मजुरीतून आगाऊ पैसे दिले आणि ते वाद्य त्याच्या हाती आले.

त्या शहरात संगीत रस्त्यावरच नांदत होते. अंत्ययात्रेबरोबरसुद्धा बँड चाले. जाताना संथ, गंभीर सूर आणि परतताना आनंदाची चाल. त्याखेरीज होते ब्लूज. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज शेतात राबताना जी गाणी म्हणत, त्यांतून हा प्रकार उगवला. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, दुःख संपले नाही. ब्लूजमध्ये बहुधा एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसरीत तिला उत्तर द्यावयाचे. त्यातील गंधार व निषाद किंचित उतरलेले असतात. त्यामुळे गाण्याला एक विलक्षण आर्तता येते. बँडची चाल, ब्लूजची आर्तता आणि वादकाची स्वतःची कल्पकता यांच्या मीलनातून जॅझ जन्मास आले.

१९१२ च्या अखेरच्या रात्री लुईने उत्सवाच्या भरात भर रस्त्यात पिस्तूल उडविले. त्यात गोळी नव्हती, केवळ बार होता. तरीही त्याची रवानगी सुधारगृहात झाली. तेथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक बँड शिकवीत. प्रथम त्यांनी या पोराला जवळ केले नाही. पुढे खंजिरी, ढोल, बिगूल असे एकेक वाद्य देता देता त्यांनी त्याच्या हाती कॉर्नेट दिले आणि अखेर त्याला बँडचा प्रमुखच केले.

१९२२ मध्ये त्याचे गुरुतुल्य वादक ‘किंग’ ऑलिव्हर यांनी त्याला शिकागोस बोलावून घेतले. पुढील वर्षी ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा लुईचा सूर इतका दमदार निघाला, की इतर वादक झाकून जाऊ नयेत म्हणून त्याला दूर उभे करावे लागले, असे सांगतात. १९२५ पासून त्यांनी स्वतःच्या नावाने तबकड्या काढल्या. शब्दांऐवजी निरर्थक अक्षरे घेऊन गाण्याची त्यांची पद्धत ऐकली, म्हणजे आपल्याला तराण्याची आठवण होते. त्यांच्या वादनाचे पडसाद मुंबईपर्यंत पोहोचले. चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाला लोक ‘मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत, सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीताला त्याचा हातभार लागला होता.

परंतु कीर्तीने कातडीचा रंग बदलत नाही. १९३१ मध्ये आर्मस्ट्राँग जन्मगावी परतले. कार्यक्रम नभोवाणीवरून ऐकविला जाणार होता. सभागृहात प्रवेश केवळ गोऱ्यांना. कृष्णवर्णीय लोक बाहेर नदीच्या बंधाऱ्यावर जमले होते. ऐन वेळी गोऱ्या निवेदकाने त्यांचे नाव घेण्यासच नकार दिला. आर्मस्ट्राँग ध्वनिक्षेपकापाशी गेले, त्यांनी स्वतःच स्वतःचा परिचय करून दिला आणि वाजविण्यास प्रारंभ केला.

१९५७ च्या सप्टेंबरात लिटल रॉक गावी नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून सशस्त्र सैनिकांकरवी अडविण्यात आले. मुले वयाने तुमच्याहून थोडीच मोठी होती. त्या वेळी सरकारतर्फे सोव्हिएत रशियाचा दौरा करण्याचे आर्मस्ट्राँग यांच्याबाबत घाटत होते. एका तरुण वार्ताहराला त्यांनी सांगून टाकले, की जे सरकार माझ्या लोकांना असे वागविते, त्याच्या वतीने मी जाणार नाही. नेहमी हसतमुख असणाऱ्या या माणसाच्या तोंडचे हे शब्द संपादकांना खरे वाटेनात. वार्ताहर मजकूर घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेला. आर्मस्ट्राँग यांनी तो वाचला आणि एक शब्दही न बदलता खाली सही केली.

त्यांच्या ताफ्यात गोरे व काळे वादक एकत्र वाजवीत. असे एकत्र वाजविण्यास १९५६ मध्ये त्यांच्या जन्मराज्यात कायद्याने बंदी झाली, तेव्हा त्यांनी तेथे वाजविणेच सोडले. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतर, १९६५ मध्ये, ते न्यू ऑर्लिअन्सला परतले आणि आपल्या सर्व साथीदारांसह एकाच रंगमंचावर उभे राहिले.