गाडी घेऊन सीमेपार: कार्नेट आणि कस्टम्सची शिस्त

परदेशाच्या सीमेवर आलेली मोटारसायकल, जीप किंवा जुनी मोटार ही मालकाची हौस असते. कस्टम्सच्या लेखी मात्र ती शुल्क न भरता आत येणारी महागडी वस्तू असते. ती तिथेच विकली गेली, तर त्या देशाचे आयातशुल्क बुडते. म्हणून पर्यटकाची गाडी तात्पुरत्या आयातीच्या नियमाखाली आत घेतात. शुल्क माफ होते, पण ठरलेल्या मुदतीत तीच गाडी देशाबाहेर जावी लागते. सीमेवरचे सगळे कागद या एका अटीभोवती फिरतात. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा की, प्रवाशांना त्रास होतो तो बहुधा अट मोडल्यामुळे होत नाही. अट पाळल्याचा पुरावा हाती नसल्यामुळे होतो.

हा पुरावा ज्या पुस्तिकेत जमा होतो, तिला कार्नेट म्हणतात. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयी न्यूयॉर्क येथे 1954 साली झालेला आंतरराष्ट्रीय करार हा तिचा मुख्य आधार. पुस्तिकेची मुदत साधारणपणे एक वर्षाची असते. ती मोटार संघटना देतात आणि गाडी परत न गेल्यास शुल्काची हमीही त्याच घेतात. भारतात 1919 साली स्थापन झालेल्या मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून कार्नेट घेण्याची प्रथा जुनी आहे. हमीच्या बदल्यात संघटना मालकाकडून अनामत किंवा बँक हमी घेते. ही रक्कम गाडीची किंमत आणि मार्गावरील देशांचे शुल्क यांवर अवलंबून असते. चढ्या शुल्काचा एखादा देश वाटेत असला, तरी ती बरीच वाढते. म्हणून आधी मार्ग पक्का करावा आणि मगच पैशांची जुळवाजुळव करावी.

घर सोडण्यापूर्वीची पहिली तपासणी गाडीचीच. आरसी, पासपोर्ट, विमा आणि कार्नेट या सर्वांवरील नाव अक्षरशः सारखे असावे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र घ्यावे. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे नोटरी केलेले अधिकारपत्र लागते. त्यानंतर चासीवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहावा. जुन्या गाड्यांत इथेच घोटाळा निघतो. लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका प्रकरणात जुन्या मोटारसायकलचे इंजिन दुरुस्तीत बदलले होते, पण आरटीओकडे त्याची नोंद केलेली नव्हती. कार्नेटवर आरसीतला क्रमांक आला आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याने वाचला तो इंजिनवरचा. गाडी सीमेवरच राहिली. गंज किंवा रंगाखाली दबलेला क्रमांकही असाच संशय निर्माण करतो. त्यामुळे ती जागा साफ करून ठेवावी आणि तिचा स्पष्ट फोटो जवळ बाळगावा.

कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक भाग गाडी आत येताना कस्टम्स फाडून घेते, दुसरा गाडी बाहेर पडताना घेते आणि तिसरा पुस्तिकेतच राहतो. या तिसऱ्या भागावर प्रवेश आणि निर्गमन या दोन्हींचे शिक्के, तारखा आणि सह्या उमटल्या, तरच ते पान पुरे झाले असे मानतात. पासपोर्टवरचा शिक्का हा माणसाचा असतो, त्यावरून गाडी बाहेर गेल्याचे सिद्ध होत नाही. रात्री उशिरा, घाईगर्दीत किंवा क्वचितच कार्नेट हाताळणाऱ्या छोट्या नाक्यावर शिक्का चुकीच्या चौकटीत पडतो, तारीख राहते किंवा भलताच भाग फाडला जातो. म्हणून खिडकी सोडण्यापूर्वी पान तिथेच उलगडून वाचावे आणि दुरुस्ती हवी असल्यास त्याच अधिकाऱ्याकडून सहीनिशी करून घ्यावी. नाका ओलांडल्यावर त्याच दुरुस्तीला महिने लागू शकतात. प्रत्येक शिक्क्यानंतर पानाचा फोटो काढून तो घरच्यांना पाठवण्याची सवय फार उपयोगी पडते.

भारतीय गाडीसाठी नेपाळची रीत निराळी आहे. सोनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावरून जाताना कार्नेट लागत नाही. पलीकडच्या भन्सार (नेपाळी कस्टम्स) कार्यालयात मूळ आरसी आणि वाहन परवाना दाखवून दिवसांच्या हिशेबाने रक्कम भरली की पावती मिळते. रस्त्यावर पोलीस हीच पावती पाहतात आणि परतताना ती नाक्यावर दाखवावी लागते. डोंगरात दरड कोसळून रस्ता दोन दिवस बंद राहणे ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे मुदत घेताना दोन-तीन दिवस जास्तीचे भरावेत. तरीही मुदत अपुरी पडत असेल, तर ती संपण्याआधीच भन्सार कार्यालय गाठावे. संपल्यावर दंड भरावा लागतो.

कार्नेट म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना नव्हे. ते केवळ शुल्काची हमी देते. विमा, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि प्रवेशाची परवानगी ही व्यवस्था वेगळी करावी लागते. चीनमध्ये परदेशी गाडीला तात्पुरता क्रमांक, चालकाला तात्पुरता परवाना आणि सोबत अधिकृत मार्गदर्शक लागतो. थायलंडने 2016 पासून बऱ्याच देशांच्या गाड्यांसाठी आगाऊ परवानगी आवश्यक केली आहे. ही तयारी नाक्यावर पोचल्यावर होत नाही.

गाडी परदेशात असताना ती विकणे, भाड्याने देणे किंवा मागे ठेवून निघून येणे हा नियमभंग ठरतो. युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशाची खासगी गाडी साधारणपणे सहा महिने शुल्काविना राहू शकते. मात्र मालक मायदेशी परतला असताना तिथे स्थायिक झालेल्या भावाने किंवा मेहुण्याने ती वापरली, तर शुल्काची मागणी होऊ शकते. नात्यातला हा साधा व्यवहार कस्टम्सच्या नजरेत आयात ठरतो, हे दोन्हीकडच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तरी ती रस्त्याकडेला सोडून निघू नये. ती सरकारजमा करणे, अधिकाऱ्यांसमोर नष्ट करणे किंवा शुल्क भरणे असे मार्ग 1954 च्या करारात आहेत. त्यांपैकी जो घ्यावा, त्याचा लेखी दाखला मिळवावा. गाडी चोरीस गेल्यास पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत कस्टम्सला आणि हमीदार संघटनेला तत्काळ द्यावी. दुरुस्तीसाठी बाहेरून मागवलेल्या सुट्या भागांनाही शुल्काचे नियम लागू होतात, म्हणून बदललेला जुना भाग फेकू नये.

समुद्रमार्गाने गाडी पाठवण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. 1968 च्या लंडन–सिडनी मोटार शर्यतीतल्या गाड्या मुंबईहून चुसान या जहाजाने ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला गेल्या होत्या. आज न्हावा शेवाहून कंटेनर जातो. बंदरावर क्लिअरिंग एजंट लागतो आणि कागद अडले तर डेमरेज, म्हणजे विलंबाचा आकार, चढत जाते. लाकडी क्रेट असेल तर ते कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लाकडावर असावा लागतो. ऑस्ट्रेलियात चाकांच्या आतल्या बाजूची माती आणि गवताचे बी यांवरूनही गाडी अडते. तसेच 2003 च्या अखेरपासून तिथे ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. जुन्या गाड्यांचे ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि गॅस्केट यांत ते असू शकते. जहाजावर चढवण्याआधी हे भाग तपासून बदलावेत आणि तसे प्रमाणपत्र सोबत द्यावे.

परतीच्या सीमेवरही सावध राहावे लागते. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 20 नुसार भारतातून बाहेर गेलेली वस्तू परत आली तरी ती मुळात आयातच धरली जाते. सवलत मिळते ती हीच वस्तू येथून गेली होती हे दाखवल्यावर. म्हणून देश सोडताना भारतीय कस्टम्सची नोंद करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घरी पोचल्यावर कार्नेट मुदत संपण्याआधी संघटनेकडे परत करावे. सगळी पाने पुरी असतील तर अनामत सुटते. एखाद्या पानावर निर्गमनाचा शिक्का नसेल, तर गाडी आपल्या देशात असल्याचा अधिकृत दाखला पाहणी करून घेता येतो; त्यासाठी गाडी आणि तिचे क्रमांक अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावे लागतात. मुदत संपल्यावर वर्षभरात परदेशी कस्टम्स हमीदाराकडे विचारणा करू शकते. त्यामुळे अनामत परत मिळाली तरी पानांच्या प्रती, पावत्या आणि फोटो निदान तेवढा काळ जपून ठेवावेत, आणि त्याआधी गाडी विकायची झाल्यास तो दाखला विक्रीपूर्वीच मिळवावा.