कुंडीची खोली व रोपाचे आरोग्य

शाळेच्या ओट्यावरील उथळ कुंडीतील तुळस पिवळी पडते. वरची माती सुकलेली पाहून मुले आणखी पाणी घालतात व ती मरते. वस्तुतः तिची मुळे गुदमरलेली असतात. पाणी निथळल्यावरही तळाशी मातीचा एक थर चिंब राहतो. त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. काळ्या चिकण मातीत तर तो बराच उंच असतो. उथळ कुंडीत मग हवेशीर माती उरतेच किती? शिक्षकांनी लांबट स्पंज भिजवून आडवा धरावा व ठिबकणे थांबताच उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. तळाशी खापऱ्यांचा जाड थर देण्याची रूढ रीत मात्र सोडावी. त्याने मातीची खोलीच घटते. भोकावर एक खापरी पुरते.