नटाचे आत्मचरित्र आणि त्याचा रसिक वाचक : ‘लमाण’च्या निमित्ताने

१. प्रास्ताविक

आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण सामान्यतः लेखकाचा ‘स्व’, त्याचा प्रामाणिकपणा, स्मृतीची निवड आणि निवेदनाची शैली या अंगांनी करतो. नटाच्या आत्मचरित्राला ही अंगे लागू पडतातच. पण तेवढ्याने त्याचे स्वरूप उलगडत नाही. कवी किंवा समाजसुधारक आत्मचरित्र लिहितो तेव्हा त्याचे मूळ कार्य, म्हणजे त्याच्या कविता किंवा त्याने उभारलेली संस्था, वाचकासमोर स्वतंत्रपणे उपलब्ध असते. नटाचे मूळ कार्य म्हणजे प्रयोग. पडदा पडला की तो संपतो. त्यामुळे नटाच्या आत्मचरित्राचा वाचक हा पुष्कळदा त्या नटाचा जुना प्रेक्षक असतो आणि पुस्तक हाती घेण्यापूर्वीच त्याच्या मनात त्या नटाची एक प्रतिमा, एक आवाज आणि काही प्रसंग पक्के झालेले असतात. हा वाचक पुस्तक नुसते वाचत नाही, आपल्या आठवणीशी ते ताडून पाहतो.

प्रस्तुत लेखात डॉ. श्रीराम लागू यांचे ‘लमाण’ (२००४) हे आत्मचरित्र मध्यवर्ती ठेवून या ताडून पाहण्याच्या प्रक्रियेचा विचार केला आहे. मुद्रित संहिता, तिचे श्राव्य रूप आणि लेखक-नटाची प्रत्यक्ष भेट या तीन ठिकाणी रसिक वाचक काय शोधतो, आणि त्याच्या चर्चेला नाट्येतिहासाचे साधन म्हणून काय मोल आहे, हे दोन प्रश्न येथे अभिप्रेत आहेत.

२. परंपरेची पार्श्वभूमी

मराठीत नटांच्या आत्मकथनांची परंपरा समृद्ध आहे. गणपतराव बोडस यांचे ‘माझी भूमिका’ १९४० साली प्रसिद्ध झाले. चिंतामणराव कोल्हटकर यांचे ‘बहुरूपी’ १९५७ साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा १९५८ चा पुरस्कार लाभला. दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ चे. या पुस्तकांची शीर्षके जरी एकापुढे एक ठेवली तरी एक गोष्ट ध्यानात येते. ‘भूमिका’ या शब्दात पात्र आणि विचार असे दोन्ही अर्थ आहेत. ‘बहुरूपी’त एका देहाने अनेक रूपे घेण्याची कबुली आहे. प्रभाकर पणशीकर यांनी आपल्या आत्मकथनास ‘तोच मी!’ हे नाव दिले. आचार्य अत्रे यांच्या १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा लोखंडे ज्याने पाहिला आहे, निदान ऐकला आहे, त्यालाच या शीर्षकातील कोटी कळावी. म्हणजे लेखक मुखपृष्ठावरच वाचकाला प्रेक्षक म्हणून हाक मारतो.

ज्या नटांनी लिहिले नाही त्यांच्या बाबतीत उलट स्थिती दिसते. गणपतराव जोशी (१८६७–१९२२) यांचा ‘विकारविलसित’मधील हॅम्लेट आज आपल्यापर्यंत पोहोचतो तो इतरांनी केलेल्या वर्णनांतून. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्या १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’विषयी दोन्हीकडच्या चाहत्यांचे वाद नंतर कितीतरी वर्षे चालले. तो प्रयोग पुन्हा पाहता येणार नव्हता. वाद मात्र पुन्हा पुन्हा घालता येत होता. त्या वादाने प्रयोगाचे स्मरण जागते ठेवले.

३. ‘लमाण’ : शीर्षकातील भूमिका

बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर वाहतूक करणारा समाज म्हणजे लमाण. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणी पोचवणे हे त्याचे काम. नटाने स्वतःला लमाण म्हणवून घेण्यात विनय आहे, तशीच एक काटेकोर नाट्यदृष्टीही आहे. माल नाटककाराचा, तो प्रेक्षकापर्यंत न सांडता, न नासता नेणे ही नटाची जबाबदारी. डॉ. लागू यांचे नाट्यजीवन या भूमिकेशी सुसंगत आहे. वैद्यकाचे शिक्षण घेत असताना जडलेला नाटकाचा नाद, पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधील उमेदवारी, वसंत कानेटकर यांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) मधील दादासाहेब, कान-नाक-घसा शल्यचिकित्सक म्हणून आफ्रिकेत केलेले काम, आणि १९६९ साली, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय, हा त्या प्रवासाचा आराखडा आहे.

पण रसिक वाचक हे पुस्तक बहुधा एका अपेक्षेने उघडतो. त्याला ‘नटसम्राट’ हवे असते. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी धि गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले, आणि गणपतराव बेलवलकर म्हणजे लागू असे समीकरण प्रेक्षकांच्या मनात रूढ झाले. येथे एक पेच उद्भवतो. बेलवलकर हा स्वतः नट आहे, निवृत्त आहे आणि आपल्या गतवैभवाविषयी बोलणारा आहे. म्हणजे ‘नटसम्राट’ हेच नटाच्या आत्मकथनाचे एक कल्पित रूप आहे. ते ज्याने पाहिले तो ‘लमाण’मध्येही बेलवलकराचा सूर शोधू लागतो. लागू यांचे लेखन मात्र तसे नाही. बेलवलकर आठवणींत वाहून जातो. ‘लमाण’चा निवेदक भूमिकेची उभारणी, तालमी, यशापयश यांची चिकित्सा करीत जातो. काही वाचकांना हे लेखन कोरडे वाटते, तर काहींना त्यातच त्याचे मोठेपण जाणवते. माझ्या मते हा रुचिभेद केवळ आवडीनिवडीचा नाही. पहिला वाचक भूमिकेला भेटायला आलेला असतो, दुसरा नटाला.

पदव्युत्तर वर्गात ‘लमाण’ वाचताना हा भेद पिढीनुसार बदलतो, असा अनुभव येतो. ज्यांनी लागू यांना रंगमंचावर पाहिले नाही अशा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बेलवलकर म्हणून पुष्कळदा २०१६ च्या चित्रपटातील नाना पाटेकर उभे राहतात. त्यांना पुस्तकात जुनी स्मृती पडताळून पाहायची नसते. त्यांना ती पुस्तकातून प्रथमच घडवायची असते. म्हणून ते निवेदकावर अधिक विश्वास ठेवतात. जुना प्रेक्षक मात्र मध्येच थांबून म्हणतो, ‘हे असे नव्हते.’ नाट्येतिहासाच्या दृष्टीने हे थांबणे मोलाचे आहे.

४. वाचणे आणि ऐकणे

नटाच्या आत्मचरित्राचे श्राव्य रूप हा अलीकडचा विषय वाटतो. स्टोरीटेलसारख्या सेवेमुळे २०१७ पासून मराठी श्राव्यपुस्तके मोठ्या प्रमाणावर ऐकली जाऊ लागली, हे खरे; परंतु आत्मकथन आणि श्रवण यांचा संबंध त्याहून जुना आहे. हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे पुस्तक मुळात सांगितलेले आहे. अरुण साधू यांनी त्याला शब्दरूप दिले. शीर्षक त्यांच्या १९५९ च्या गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले असले, तरी आत्मकथनाला ते चपखल बसते. ‘सांगते’ नव्हे, ‘सांगत्ये’. या एका वर्णोच्चारात बोलणारी बाई समोर येते आणि वाचकाकडे श्रोत्याचे स्थान चालून येते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’चे उदाहरणही या संदर्भात आठवावे. ज्याने त्यांचे सादरीकरण ऐकले आहे त्याला ती चाळ नंतर मुकाट्याने वाचताच येत नाही. ओळींमागून आवाज येत राहतो.

डॉ. लागू यांच्या बाबतीत आवाजाचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. घशाचा शल्यचिकित्सक असलेल्या या नटाने ‘वाचिक अभिनय’ (१९९८) हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. शब्द अर्थासह पोचला पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. अशा नटाचे आत्मचरित्र वाचताना जुना प्रेक्षक विरामचिन्हांच्या जागी त्यांचे विराम ऐकतो. तो मुद्रित मजकुराचा स्वतःपुरता प्रयोग करतो, असेच म्हणावे लागेल.

नटाचे आत्मचरित्र श्राव्यरूपात येताना दोन शक्यता संभवतात. नटाने ते स्वतः वाचले, तर स्मरण करणारा आणि बोलणारा एकच राहतो. मात्र वय झालेल्या आवाजातून तरुणपणीच्या भूमिका ऐकू येतात आणि ही विसंगतीच कित्येकदा अर्थपूर्ण ठरते. दुसऱ्या कोणी वाचले, तर तो वाचक त्या नटाची भूमिकाच करीत असतो. ‘लमाण’चे रूपक येथे एक वळसा घेऊन परत येते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा माल वाहिला, त्याचा स्वतःचा माल आता दुसरा वाहतो. अशा वाचनाविषयी चाहत्यांची तक्रार ठरलेली असते : ‘ते असे बोलत नसत.’ वाङ्मयदृष्ट्या ही तक्रार गैरलागू म्हणता येईल, कारण संहिता तीच असते. पण प्रयोगदृष्ट्या ती रास्त आहे. बोलणाऱ्याच्या लकबीविषयी इतकी नेमकी आठवण असणे हा प्रयोगाचा एक अवशेषच होय.

५. स्वाक्षरी आणि दौरा

आत्मचरित्र प्रसिद्ध झाल्यावर लेखक-नट गावोगाव जातो. प्रकाशन समारंभ, प्रकट मुलाखत, ग्रंथप्रदर्शनातील स्वाक्षरी, असा हा क्रम असतो. याला ‘दौरा’ म्हणतात, आणि मराठीत हा शब्द नाटकमंडळ्यांच्या संदर्भात चांगलाच मुरलेला आहे. ‘माझी भूमिका’ आणि ‘बहुरूपी’ यांतून मंडळ्यांच्या मुक्कामांचे, बिऱ्हाडांचे, उत्पन्नाच्या चढउतारांचे जे जग दिसते, ते दौऱ्याचेच जग आहे. पूर्वी नट भूमिका घेऊन गावात जात असे. आता तो भूमिकेची आठवण घेऊन जातो. पुष्कळदा नाट्यगृहही तेच असते.

अशा भेटीत रसिक काय मागतो? स्वाक्षरी हे निमित्त असते. रांगेत उभा असलेला मनुष्य बहुधा काही ऐकायला आलेला नसतो, सांगायला आलेला असतो. आपण कोणता प्रयोग, कोणत्या गावी, कोणाबरोबर पाहिला. त्या रात्री पाऊस होता. घरी परतताना कोणी बोलले नाही. नट ऐकतो, मान हलवतो, सही करतो. काही क्षण दोघांच्या भूमिका उलट होतात आणि प्रेक्षक निवेदक बनतो. खेद इतकाच की हे निवेदन कोणी नोंदवून ठेवत नाही.

वाचकसमूह बदलला की आत्मचरित्रही बदलते, याचे परदेशी उदाहरण उद्बोधक आहे. स्तानिस्लाव्हस्की यांचे ‘माय लाइफ इन आर्ट’ मॉस्को आर्ट थिएटरच्या अमेरिका दौऱ्याच्या काळात सिद्ध झाले आणि १९२४ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाले. रशियन वाचकांसाठी त्यांनी ते पुन्हा हाती घेऊन बदलले व १९२६ साली प्रसिद्ध केले. समोर कोण बसले आहे याचे भान नटाला लेखणी हाती घेतल्यावरही सुटत नाही, असा याचा अर्थ घेता येईल.

६. रसिकांची चर्चा : साधन म्हणून विचार

नटाच्या आत्मचरित्राभोवती होणाऱ्या चर्चेचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला दुरुस्तीचा : अमुक प्रयोग तमुक साली नव्हता, त्या वेळी दुसरा नट होता. दुसरा अनुल्लेखाचा : सहकलाकाराविषयी इतके थोडे का लिहिले? कावेरीच्या भूमिकेतील शांता जोग यांना न विसरलेला प्रेक्षक हा प्रश्न हटकून विचारील. तिसरा तुलनेचा : दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही बेलवलकर उभा केला, एकाच भूमिकेच्या या रूपांना पाहिलेला रसिक कोणत्याही एका नटाच्या निवेदनाला अंतिम मानत नाही.

संशोधकाने या तिन्हींकडे सावधपणे पाहावे. चाहत्याची स्मृतीही निवड करते, रंग भरते आणि आवडत्या नटाच्या बाजूने झुकते. तिला पुरावा मानण्यापूर्वी जाहिराती, समकालीन परीक्षणे, संस्थांची दप्तरे यांच्याशी ताडले पाहिजे. पण हाच नियम आत्मचरित्रालाही लागू आहे, आणि तेथे आपण तो शिथिल करतो. आपल्याकडील प्रबंधांत नटाचे वाक्य पुष्कळदा तथ्य म्हणून उद्धृत होते आणि प्रेक्षकाचे वाक्य किस्सा म्हणून सोडून दिले जाते. प्रयोग नट आणि प्रेक्षक या दोघांत मिळून घडतो. दोन साक्षीदारांपैकी एकाचीच जबानी घेऊन इतिहास लिहिणे शास्त्रीय ठरत नाही. नटाला रंगमंचावरून जे दिसत नाही, म्हणजे आपला चेहरा, आपली पाठ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला किंवा न पोचलेला शब्द, त्याचा साक्षीदार प्रेक्षकच असतो.

७. समारोप

डॉ. लागू १७ डिसेंबर २०१९ रोजी निवर्तले. १९७० च्या अखेरीस ज्यांनी विशीत ‘नटसम्राट’चे आरंभीचे प्रयोग पाहिले ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. ‘लमाण’ ग्रंथालयात राहील, त्याचे वाचन होईल, श्रवणही होईल. त्या पुस्तकाला ‘हे असे नव्हते’ किंवा ‘हे अगदी असेच होते’ म्हणणारा वाचक मात्र आणखी काही वर्षांनी आपल्यात असणार नाही. त्यानंतर ‘लमाण’ हे वादाला वाव नसलेले पुस्तक होईल. ही त्या पुस्तकाचीही हानी ठरेल.

म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एक साधे काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. आपापल्या गावातील वयस्क नाट्यरसिकांकडे नटाचे आत्मचरित्र घेऊन जावे, त्यातील प्रयोगवर्णनाची पाने त्यांना वाचून दाखवावीत आणि त्यांचे म्हणणे तारीख, स्थळ व सोबतच्या नटसंचासह नोंदवावे. कोठे एकमत होते आणि कोठे नाही, याचा तक्ता करावा. मतभेदाच्या जागा लपवू नयेत. अभ्यासाला खरा आरंभ तेथूनच होतो. नटाने नाटककाराचा माल प्रेक्षकापर्यंत आणला. तेथून पुढे तो वाहून नेणारा प्रेक्षकच आहे, आणि त्याच्या पाठीवर काय आहे हे आपण अद्याप विचारलेले नाही.