ताप, गवत आणि काळी खपली

हिमाचलच्या एका डोंगरी रुग्णालयात नोकरी करताना स्क्रब टायफस या तापाने जे शिकवलं, ते असं.

१. पावसाळा सरता सरता तापाचा पेशंट आला, की आधी विचारायचं : गवत कापायला गेला होतात का? तिकडे हिवाळ्यासाठी वैरण साठवायची घाई याच दिवसांत असते, आणि ते काम बहुतेक बायकांच्या डोक्यावर. गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याची अळी चावल्यापासून ताप भरेपर्यंत दहाएक दिवस जातात. त्यामुळे ‘काल-परवा कुठे गेला होतात’ या प्रश्नातून काही हाती लागत नाही.

२. कपडे बाजूला करून तपासायचं. काख, जांघ, स्तनांखाली, कानामागे. अळी चावलेल्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली, भोवती लालसर कडं. दुखत नाही, म्हणून पेशंटला पत्ताच नसतो. एका आजींची सलवारीच्या नाडीखाली सापडली. त्या उलट मलाच समजावू लागल्या, “ये तो नाड़े की रगड़ है, बेटा.” खपली सगळ्यांनाच येते असं मात्र नाही, नाही दिसली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

३. सगळं खापर उंदरावर फोडू नये. या तापाचा ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू माइटमध्ये राहतो आणि अंड्यांतून तिच्या पुढच्या पिढीत उतरतो. रानउंदीर, चिचुंद्र्या तिच्या अळ्यांना पोसतात आणि हिंडता हिंडता नव्या गवतात नेऊन सोडतात. अळी सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढी. आयुष्यात ती एकदाच चावते, कधी माणसाला.

४. सेफ्ट्रियाक्सोनवर दिवस काढू नयेत. जिवाणू पेशीच्या आत दडलेला. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन त्याच्यापुढे निकामी. डॉक्सिसायक्लिन दिलं की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन. पहिल्या आठवड्यात रक्ताची आयजीएम चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर रिपोर्टसाठी थांबायचं नाही. उशीर झाला की फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काहीही धरतं. अशा गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिलेली सरस ठरतात, हे २०२३ मध्ये भारतातल्याच चाचणीने दाखवलं.

५. पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींनो, पँट मोज्यांत खोचा, गवतावर कपडे वाळत घालू नका, उतरल्यावर साबणाने अंघोळ करा. घरी परतल्यावर ताप आला तर कुठे फिरून आलात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. प्लेटलेट्स यातही घसरतात आणि सगळे डेंग्यूच्या मागे लागतात. हा आजार फक्त हिमालयातला, असंही समजू नका. २०१८ साली नागपूरकरांनी त्याची साथ पाहिली आहे.