जीपला दुसरा गिअरबॉक्स बसविताना गिअरचा दांडा कसा करावा



आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या जीपगाड्या अजून पुष्कळ आहेत. बेण्याच्या मोळ्या, खताची पोती, लागणीची माणसे, प्रसंगी मागे लहान ट्रॉली, असे सगळे काम ही गाडी निमूटपणे करते. विलीज घडणीच्या जुन्या पेट्रोल जीपला पुढे जाण्याचे गिअर तीनच. म्हणून कित्येकजण तिला एमएम ५४० चे प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन व त्यामागचा चार गिअरचा बॉक्स, किंवा त्याहून नव्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतात. इंजिन बसते, बॉक्स बसतो, प्रोपेलर शाफ्ट कापून बेताचा होतो. शेवटी राहतो तो गिअरचा दांडा. तो मिस्त्री तासाभरात सळई वाकवून लावून देतो आणि म्हणतो, "न्या मालक, झालं काम."

ऊसविकास खात्याचा माणूस या भानगडीत का पडला, असे कोणी विचारील. गटागटांतून फिरताना अशा गाड्यांत आम्हांला बसावे लागते, आणि भरली ट्रॉली घेऊन ओढ्याचा उतार उतरताना गिअर आपोआप सुटणे ही गंमत नव्हे. इंजिन गाडीला मागे धरून ठेवीत असते, ते एकदम सोडून देते. सारा भार ब्रेकवर येतो आणि मागची ट्रॉली ढकलू लागते. अशा वेळी दोष बॉक्सला दिला जातो, बॉक्स उघडून खर्च होतो. पण दांडा नवा केलेला असेल तर आधी दांडा पाहावा.

बॉक्सच्या झाकणाखाली दोन किंवा तीन रॉड एकाशेजारी एक असतात. प्रत्येक रॉडला एक फोर्क, आणि तो फोर्क आतली सरकती बांगडी दातांवर चढवितो. रॉडला खाचा असतात व स्प्रिंगने दाबलेली गोळी त्या खाचेत बसते. गिअर पडताना हाताला जो "खट्" असा अनुभव येतो तो या गोळीचा. दोन रॉड एकाच वेळी हलू नयेत म्हणून मध्ये अडसराची पिनही असते. दांड्याच्या खालच्या टोकाला जीभ व तिच्या वर गोळा. वर मूठ पुढे लोटली की जीभ मागे जाते. बांगडी दातांवर पूर्ण चढली आणि गोळी खाचेत बसली तरच गिअर टिकतो. अर्धवट चढली तर मोकळ्या गाडीत चालेल, ओझ्याखाली सुटेल, आणि प्रत्येक सुटण्याबरोबर दातांची टोके गोल होत जातील. म्हणून दांड्याचे काम एकच : रॉडला पूर्ण चाल देणे आणि त्यानंतर त्याला अजिबात न छेडणे.

नव्या बॉक्सची लांबी वेगळी असल्याने दांडा कधी बाकाखाली निघतो, कधी चार चाकांच्या जोडाच्या दांड्यांना अडतो. यावर सोपा व माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे मूळचा गोळा व जीभ तशीच ठेवून फक्त वरची दांडी वाकविणे. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली लांबीची. गोळ्यापासून जिभेपर्यंत २ इंच आणि मुठीपर्यंत १६ इंच असेल तर रॉड अर्धा इंच सरकायला मूठ ४ इंच हलते. दांडा कापून ८ इंच केला तर मूठ २ इंच हलेल, पण जोर दुप्पट लागेल. तरण्या पोरांना आखूड दांडा ऐटबाज वाटतो. दिवसभर शेतरस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला विचारा. उलट फार लांब केला तर मूठ पुढे डॅशबोर्डला किंवा मागे बाकाला टेकते आणि गिअर पूर्ण पडण्याआधीच हात थांबतो.

दुसरी गोष्ट वाकाची. दांडा जितका मागे वाकवावा तितकी मुठीची मागे-पुढे हालचाल खाली-वर होऊ लागते. १ फूट मागे आणि १ फूट वर अशी मूठ असेल तर ती निम्मी तिरपी चालते. त्याशिवाय मूठ आडवी लोटताना गोळ्याला पीळ बसतो. हा पीळ गोळ्याच्या खाचेतली पिन सहन करते. पिन झिजलेली असली तर जीभ जागेवर गरकन फिरते आणि नेमका रॉड सापडत नाही, लोक म्हणतात, "रिव्हर्स सापडत नाही." तेव्हा दांडा वाकविण्यापूर्वी पिन व गोळ्याची बैठक नवी करून घ्यावी. खर्च थोडा, उपयोग मोठा.

काही बॉक्सना वरून दांडा नसतो, मागून एकच शाफ्ट बाहेर येतो. तो सरकतोही आणि फिरतोही. येथे जोडदांडी करावीच लागते. पुष्कळजण तिच्या दोन्ही टोकांना बॉलजॉइंट लावतात. अशी दांडी ढकल व ओढ पोहोचविते, पण पीळ पोहोचवीत नाही, म्हणून डाव्या-उजव्या बाजूचा गिअर निवडताच येत नाही. पीळही पोहोचविणारा बिजागरीचा जोड हवा, आणि त्याला रेसभरही ढिलाई नको. मूळ रचनेत जोड गोळ्याखाली असेल तर नवाही खालीच घ्यावा. वर घेतला तर गिअरचा नकाशा उलटा होतो, पहिल्याच्या जागी दुसरा पडतो.

आता मुख्य मुद्दा. दांड्याची बैठक गाडीच्या पत्र्याला किंवा चासीला कधीही जोडू नये. इंजिन व गिअरबॉक्स रबराच्या गाद्यांवर बसलेले असतात. चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर दिला की ही सगळी जोडी एका अंगाला कलते. दांडा पत्र्याला धरलेला असेल तर तो जागेवर राहतो, बॉक्स हलतो, आणि जोडदांडी रॉडला ओढून गिअर काढते. माणसाने हात न लावता गिअर सुटतो तो असा. म्हणून ३ सूत जाड पट्टीची ब्रॅकेट करून ती बॉक्सच्याच बोल्टांवर घ्यावी. बॉक्स हलेल तसा दांडाही हलेल. वाकविलेल्या दांड्यालाही हाच न्याय लागतो. तो मुळात बॉक्सवरच असतो खरा, पण पत्र्याचे भोक लहान ठेवले तर भोकाची कड त्याला अडविते. प्रत्येक गिअर टाकून पाहावा आणि दांड्याभोवती सर्व बाजूंनी बोटभर जागा राहील इतके भोक मोठे करावे. वरून रबराची टोपी घातली म्हणजे धूळ येत नाही.

दांड्याला बांधकामाची सळई वापरू नये. ५ सुती ब्राइट बार घ्यावा. आधी जाड तारेचा नमुना वाकवून बाकावर बसून हात कोठे पडतो ते पाहावे, मग बार वाकवावा. सांधा समोरासमोर टोकाला टोक लावून करू नये. दोन्ही टोकांवरून २ इंची नळी चढवून, आरपार पिन मारून मग वेल्डिंग करावे. पहिल्यांदा नुसता टाका मारून चाचणी घ्यावी. वेल्डिंग दांडा बॉक्समधून काढूनच करावे. गोळा व जीभ पाणी दिलेली, म्हणजे कडक केलेली असतात. तापली की मऊ पडून लवकर झिजतात, यासाठी ओले फडके गुंडाळावे. गाडीवर कोठे वेल्डिंग करणे भागच पडले तर बॅटरी सोडवावी व अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा, नाहीतर वीज बॉक्सच्या बेअरिंगांतून जाते.

चाचणी घाईने करू नये. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकावेत; प्रत्येक वेळी गोळीचा "खट्" हाताला लागला पाहिजे आणि त्यानंतरही दांडा थोडा पुढे जाण्यास मोकळा असला पाहिजे. मग हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, इंजिन चालू करून पहिल्या व रिव्हर्समध्ये क्लच किंचित सोडावा. गाडीच्या पुढेमागे कोणीही उभे राहू नये. दांडा इंजिनाबरोबर डुलेल. कशाला टेकतो का तेवढे शेजारच्याने पाहावे. शेवटी रिकामी गाडी चढावर व उतारावर न्यावी, ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडावा, हात दांड्यावर न ठेवता. हात ठेवून गाडी चालविण्याची सवय तशीही वाईट. त्याने फोर्क झिजतात. हे सर्व नीट झाल्यावर मग ट्रॉली जोडावी.

कागदाचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. पेट्रोलचे डिझेल करणे हा तसाच फेरफार आहे. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारावे व विमा कंपनीस कळवावे. अपघातानंतर ही चौकशी सुरू झाली तर फार महाग पडते.

काम पुरे झाल्यावर मुठीवर, नाहीतर डॅशबोर्डवर, गिअरचा नकाशा रंगवून घ्यावा. ऐन हंगामात जीप कधी मुलगा नेतो, कधी भाऊबंद नेतो, आणि नव्या बॉक्सचा रिव्हर्स कोठे आहे हे मालकाखेरीज कोणाला ठाऊक नसते.