शाळेच्या कुंपणापासून शंभर मीटर

एप्रिल महिन्यात जामनेर तालुक्यात लग्नसराई व वार्षिक परीक्षा एकदमच येतात. शाळेलगतच्या मांडवात ध्वनिक्षेपक सुरू झाला म्हणजे शिक्षकाने श्रुतलेखनास सांगितलेला 'पाट' शेवटच्या रांगेत 'ताट' होऊन पोचतो. याचे कारण असे की, उच्चारात स्वर जोरकस असतात, व्यंजने क्षीण. गोंगाटात प्रथम व्यंजनेच बुडतात. ज्या मुलाच्या घरी तावडी वा अहिराणी बोलली जाते व पुस्तकी मराठी ज्यास नवीन आहे, त्यास बुडालेले अक्षर अंदाजाने भरून काढणे कठीण जाते.

या बाबतीत ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. ध्वनिक्षेपकास सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजविता येत नाही. सणांसाठी मात्र राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबेल आहे. परवाना हाती आला म्हणजे आवाज हवा तितका चढवावा, हा समज चुकीचा होय. परवान्याने मर्यादा उठत नाही. शिवाय १० डेसिबेलची वाढ आकड्याने लहान दिसली, तरी ध्वनीची तीव्रता दसपट झालेली असते.

शाळेभोवतीचे किमान १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. तथापि १० ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीने त्यासाठी राज्य शासनाच्या अधिसूचनेची अट घातली. म्हणून केवळ शाळेचे नाव सांगून मांडवाशी भांडू नये. परीक्षेचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आधीच लावावे व यजमानांना समक्ष भेटावे. लेकीच्या लग्नात वाजंत्री नको, असे कोणत्या बापास सांगणार? पेपरच्या वेळेपुरती थांबवा, एवढेच सांगावयाचे असते.

इयत्ता पाचवीच्या मापनाच्या पाठात १० मीटरची दोरी कुंपणापासून दहा वेळा टाकावी आणि त्या अंतरात कोणती घरे, कोणते देऊळ, कोणता पार येतो, याचा नकाशा मुलांकडून काढवावा. उघड्या जागी अंतर दुप्पट झाले की कर्ण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. २५ मीटरवरील कर्णा १०० मीटरवर नेल्यास सुमारे १२ डेसिबेलने. हा हिशेब मुलांनी घरी सांगितला, तर तो मांडवापर्यंत लवकर पोचतो.

शाळेच्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमातील ध्वनिक्षेपकही याच नियमांत येतो. त्याचा अर्ज मुख्याध्यापकांनी वेळेवर द्यावा.